थायलंडांतील मुलें आणि व्यायाम



बँकॉकच्या लुंपिनी बागेंत सायंकाळीं धावणाऱ्यांची गर्दी असते. सहाच्या ठोक्याला राष्ट्रगीत सुरू होतें, धावणारे जागच्या जागीं उभे राहतात आणि गीत संपतांच पुन्हां धावूं लागतात. हें पाहणाऱ्या परक्या माणसास वाटावें कीं, व्यायाम या राष्ट्राच्या अंगीं मुरलेला आहे. तसें वाटण्यास आधारहि आहे. हात न लावतां वेताच्या चेंडूनें खेळावयाचा तक्रॉ हा तेथील जुना खेळ. मुय थाय ही तेथील मुष्टियुद्धविद्या तर जगभर पोंचली आहे. रत्चनोक इंतानोन हिनें २०१३ मध्यें, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षीं, बॅडमिंटनचें जगज्जेतेपद मिळविलें.

परंतु विजेत्यांवरून राष्ट्राच्या प्रकृतीचा अंदाज बांधणें म्हणजे कळस पाहून पायाची परीक्षा करण्यासारखें आहे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनीं रोज सरासरी ६० मिनिटें, श्वास जलद होईल इतकी, शरीराची हालचाल करावी, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. या संघटनेनें २०१९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, जगांतील ११ ते १७ वर्षांच्या शाळकरी मुलांपैकीं ८१ टक्के मुलें एवढीहि हालचाल करीत नाहींत. थायलंडमधील बहुसंख्य मुलेंहि यांतच मोडतात, आणि तेथेंहि मुली मुलांच्या मागें आहेत.

हीं मुलें आळशी आहेत, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण त्यानें उलगडा होत नाहीं. आरोग्य व शारीरिक शिक्षण हा तेथील शालेय अभ्यासक्रमांतील आठ विषयगटांपैकीं एक आहे. व्यायामानें हित होतें, हें मुलांना पाठ असतें. मग घोडें अडतें कोठें?

नोला पेंडर या अमेरिकन परिचर्याशास्त्रज्ञ विदुषीनें १९८२ मध्यें मांडलेला विचार थायलंडांतील अभ्यासकांनीं पुष्कळ वापरला आहे. त्याचें सार असें कीं, हितकर वर्तन घडण्यास लाभाचें ज्ञान एकटें पुरत नाहीं. वाटेंतील अडचणी किती वाटतात, 'हें मला जमेल' असा विश्वास आहे कीं नाहीं, आणि आईबाप व सोबती काय करितात, यांवरहि तें अवलंबून असतें.

या कसोटीवर बँकॉकचा विद्यार्थी पाहावा. शाळा सुटल्यावर खासगी शिकवणी. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेची टांगती तलवार. उरल्या वेळांत हातांतील फोन. एप्रिलचें ऊन अंग भाजून काढतें. जानेवारी २०१९ मध्यें तर हवेंतील सूक्ष्म धुळीमुळें शहरांतील शेंकडों शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. मुलींची अडचण आणखी निराळी. गोऱ्या वर्णास तेथें सौंदर्याचें मोल आहे. उन्हांत खेळून रंग रापेल, ही भीति घरांतच पेरली जाते. अशा मुलीला व्यायामाचे फायदे शंभर वेळां सांगितले, तरी तिच्या वाटेंतला धोंडा जागचा हलत नाहीं.

थायलंडच्या शासनानें हात बांधून घेतलेले नाहींत. २००१ मध्यें तेथें आरोग्यसंवर्धन निधि कायद्यानें स्थापन झाला. दारू व तंबाखू यांच्या अबकारी करावर २ टक्के अधिभार बसवून त्याला पैसा पुरविला जातो. व्यसनाच्या पैशानें आरोग्य जोपासण्याची ही युक्ति खरोखर नामी आहे. २०१७ मध्यें अथिवरा खोंगमालाय हा लोकप्रिय गायक दक्षिण टोंकाच्या बेतोंगपासून उत्तरेच्या मे साइपर्यंत, दोन हजारांहून अधिक किलोमीटर, रुग्णालयांच्या मदतीसाठीं धावला. देशानें त्याला डोक्यावर घेतलें आणि मदतीचा ओघ लोटला. पण दुसऱ्याच्या धांवेला टाळ्या वाजविल्यानें आपले पाय बळकट होत नाहींत.

बागा आणि निधि मुलापर्यंत अर्धीच वाट आणतात. उरलेली अर्धी घरानें व शाळेनें चालावयाची असते. बाप स्वतः चालावयास निघाला, शिकवणीच्या वेळेंतून अर्धा तास सुटला, मुलींना सावलींत किंवा छपराखालीं जागा व मैत्रिणींची सोबत लाभली, तर 'मला जमेल' हा विश्वास आपोआप येतो. पौगंडावस्थेंत जडलेली संवय बहुधा पुढेंहि टिकते; म्हणूनच या वयांत मुलीच्या हातून सुटलेला खेळ ही लहानसहान हानि समजूं नये.