फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचा खर्च कोण करतं?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे, भाषणाची सवय नाही. त्यामुळे सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या कंपनीत होतो. आमचं सगळं काम जँगोवर चालायचं. जँगो म्हणजे पायथॉन भाषेत वेबसाइट बांधायची तयार चौकट. लॉगिन, फॉर्म, डेटाबेसशी बोलणं, सगळं आयतं मिळतं. एका संध्याकाळी तिची सुरक्षा दुरुस्ती आली. अर्ध्या तासात आम्ही ती बसवली आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना म्हटलं, "सर, या लोकांना वर्षाला काही रक्कम पाठवूया." ते हसले. "फुकट आहे ना? मग पैसे कशाला?" मी गप्प बसलो. कारण मलाही उत्तर येत नव्हतं, आणि मी स्वतःही कधी एक रुपया दिला नव्हता.

ते उत्तर आज देतो.

एप्रिल 2014 मध्ये हार्टब्लीड नावाची त्रुटी उघड झाली. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी जे कुलूप दिसतं, त्यामागे असंख्य साइट्सवर ओपनएसएसएल हे सॉफ्टवेअर असतं. चूक त्यात होती. सर्व्हरच्या मेमरीतले पासवर्ड बाहेरच्याला वाचता येत होते. मग लोकांनी चौकशी केली, तेव्हा कळलं की या प्रकल्पाला देणग्या मिळत होत्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस होता एक. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून अशा प्रकल्पांसाठी निधी गोळा केला. म्हणजे पैसा होता. तो पोहोचवणारी व्यवस्था आणि इच्छा नव्हती.

फाउंडेशन ही ती व्यवस्था. आपल्याकडे गल्लीतलं मंडळ वर्गणी काढतं तोवर हिशेब वहीत असतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाली की मंडळाच्या नावाने खातं निघतं, पावती देता येते, माणसं बदलली तरी संस्था राहते. इथेही तसंच. जँगो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मला आणि 2005 मध्ये सर्वांसाठी खुला झाला. 2008 मध्ये जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली. जँगोचं नाव आज तिच्याकडे आहे, कुठल्या कंपनीकडे नाही. 2014 पासून ही संस्था देणग्यांतून 'फेलो' नेमते. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं, पण पगारी. आलेल्या तक्रारी तपासणं, इतरांचा कोड वाचणं, सुरक्षा दुरुस्त्या वेळेवर काढणं, ही त्यांची कामं. ज्या कामाला टाळ्या मिळत नाहीत आणि जे स्वयंसेवक थकून सोडून देतात, नेमकं तेच. माझ्या त्या संध्याकाळचा अर्धा तास कुणाच्या तरी अशा पगारावर उभा होता.

पीएचपीला हे उशिरा सुचलं. जगातल्या बहुसंख्य वेबसाइट्सच्या मागे असलेली ही भाषा, आणि तिचा गाभा सखोल जाणणारी माणसं मोजकीच. 2021 मध्ये त्यांतला एक प्रमुख प्रोग्रामर दुसऱ्या कामाकडे वळला, तेव्हा कुठे कंपन्यांनी एकत्र येऊन पीएचपी फाउंडेशन सुरू केलं.

पण नुसती पाटी लावून भागत नाही. वर्डप्रेसचं फाउंडेशन 2010 पासून आहे. तरी 2024 मध्ये दोन कंपन्यांचा वाद कोर्टात गेला, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की वर्डप्रेस.ऑर्ग ही साइट फाउंडेशनच्या ताब्यात नसून संस्थापकाच्या ताब्यात आहे. म्हणून मंडळावर कोण बसतं, कोण निवडतं, हिशेब खुला आहे का, हे प्रश्न इथेही विचारायचे. जँगोचं संचालक मंडळ सभासद मतदानाने निवडतात.

आता तुमच्याविषयी. तुम्हाला सांगितलं जातं, "ओपन सोर्समध्ये फुकट काम करा, नोकरी मिळेल." अर्धं खरं आहे. तुमचा कोड जगाला दिसतो, तिथे कॉलेजचं नाव किंवा ओळख लागत नाही. पण ज्या मुलाला संध्याकाळी दुकानावर बसायचं असतं, ज्या मुलीला घरचं आटपून मगच लॅपटॉप मिळतो, त्यांच्याकडे फुकट द्यायला वेळ कुठून येणार? फुकटच्या श्रमावर चालणाऱ्या जगात सवड असलेलेच पुढे जातात. म्हणून मानधन देणाऱ्या संस्था महत्त्वाच्या. आउटरीची हा उपक्रम 2010 मध्ये स्त्रियांसाठी सुरू झाला, 2015 मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कंझर्व्हन्सी या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली आला, आणि आपापल्या देशातल्या तंत्रक्षेत्रात ज्यांना भेदभाव सोसावा लागतो अशांसाठी खुला झाला. घरबसल्या, मानधनासह इंटर्नशिप. अर्जात आपला अनुभव लिहायचा असतो. तो लिहायला लाजू नका.

सुरुवात छोटी करा. मार्गदर्शिकेतली चूक दुरुस्त करा. भाषांतर करा, जँगोच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. पगार सुरू झाला की महिन्याला एका चहा-नाश्त्याचे पैसे पाठवा. आणि साहेब म्हणाले, "फुकट आहे ना?" तर माझ्यासारखं गप्प बसू नका. सांगा, "सर, फुकट आपल्याला आहे. करणाऱ्याला नाही."