मधुमेह : भाकरीचे माप आणि रोजची वारी

(सोलापूर जिल्ह्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढील भाषण)



मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात. तेथील ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा भाकरीच्या मुलखात मधुमेहाची चर्चा कशाला, असे कोणास वाटेल. परंतु हा रोग श्रीमंतांचा व शहरांचा, हा समज आता टिकत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी प्रौढ मधुमेही असून, १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

अंगाने सडपातळ असणे हीही खात्री नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की, आपल्याकडील बालके जन्मतः वजनाने कमी असली तरी त्यांच्या शरीरात स्नायूंच्या मानाने चरबी अधिक असते. ही ठेवण पुढे मधुमेहास पोषक ठरते.

दुसरे कारण आपल्या राहणीत आहे. मोट गेली, जाते गेले, पायवाटेवर दुचाकी आली. कष्ट हलके झाले याचे दुःख करण्याचे कारण नाही. मात्र अंगमेहनत घटली आणि ताटातील अन्न तेवढेच राहिले. विडी वळणाऱ्या भगिनी आणि कचेरीतील लिपिक, दोघांचाही दिवस एका बैठकीत जातो. स्नायू काम करतात तेव्हा ते रक्तातील साखर ओढून घेतात. ते स्वस्थ राहिले की साखर रक्तातच साचते.

आता आहाराविषयी. ज्वारी खाणाऱ्यास मधुमेह होत नाही, हा गैरसमज आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, हा तिचा गुण. परंतु तीत सुमारे ६८ ग्रॅम पिष्टमय पदार्थही असतात व त्यांची अखेर साखरच होते. म्हणून भाकरी अवश्य खावी, पण मापून खावी. अर्धे ताट पालेभाजी, फळभाजी व कोशिंबिरीचे, पाव ताट डाळ, उसळ किंवा अंड्याचे आणि उरलेले पाव ताट भाकरीचे, हा हिशेब सोपा आहे. शेंगाचटणी चवीपुरती असावी. एकादशीला साबुदाणा व बटाटा खाल्ल्याने उपवास घडतो. साखर मात्र वाढते.

चहाचाही हिशेब करू. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे सुमारे १० ग्रॅम. दिवसाचे पाच कप म्हणजे ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असणे अधिक हिताचे. पाहुण्याला नको म्हणता येत नाही, ही अडचण खरी. म्हणूनच हा प्रश्न एकट्या रोग्याचा नसून साऱ्या गावाचा आहे.

चालण्याचे महत्त्व त्याहून कमी नाही. पंढरीची वारी वर्षातून ठरावीक वेळीच घडते. शरीराला रोजची वारी हवी. आठवड्यातून किमान पाच दिवस तीस मिनिटे झपझप चालावे, जेवणानंतर थोडे फिरावे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरील पाचशेहून अधिक व्यक्तींवर केलेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार व व्यायाम एवढ्यानेच मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. कारल्याचा रस सुरू केला म्हणून गोळ्या किंवा इन्शुलिन स्वतःहून बंद करू नये. बालवयात सहसा जडणाऱ्या प्रकारात तर इन्शुलिनला पर्यायच नाही. औषध चालू असता कडक उपवास केल्यास साखर एकाएकी उतरते, घाम सुटतो, थरथर होते. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या रोग्यास तत्काळ साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काही न घालता दवाखान्यात न्यावे. राहणी सुधारल्यावर औषध कमी करता येते, परंतु तो निर्णय डॉक्टरांचा.

हा रोग बहुधा मुकाट्याने वाढतो. डोळे, मूत्रपिंड व पाय यांवर घाला पडल्यावर जाग येते. म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने तपासणी करून घ्यावी. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम असेल तर तो उंबरठा. १२६ वा अधिक असल्यास पुन्हा तपासून निदान पक्के करावे.

आपणाकडे माझे मागणे थोडे आहे. सरपंचांनी ग्रामसभेत बिनसाखरेच्या चहाची किटली वेगळी ठेवावी व उपकेंद्रावरील तपासणीचा वार दवंडी देऊन कळवावा. शिक्षकांनी शाळेचे मैदान सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांसाठी खुले राहील असे पाहावे आणि वाढदिवसाला गोळ्यांऐवजी फळ वाटण्याची प्रथा पाडावी. अधिकाऱ्यांनी स्वतः चालून दाखवावे. यांस फारसा निधी लागत नाही, मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. प्रारंभ उद्याच्या पहिल्या चहापासून व्हावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.