मल्लाचा उत्तरकाळ

खेळाडूची कारकीर्द फार अल्प असते. अमेरिकेच्या फुटबॉलमध्ये चेंडू पोटाशी धरून प्रतिपक्षाची फळी फोडीत धावणारे जिम ब्राउन यांनी १९५७ पासून अवघे नऊ मोसम खेळून तिशीतच मैदान सोडले. शरीर हेच ज्याचे भांडवल, त्याच्यापुढे उत्तरायुष्याचा प्रश्न असा लवकर उभा राहतो. त्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याकडे बाळंभटदादा देवधर यांच्या चरित्रात सापडते.

परंपरा सांगते की, अली आणि गुलाब हे निजामाच्या मुलखातील दोन मल्ल दुसऱ्या बाजीरावांच्या दरबारी आव्हान घेऊन आले. तरुण बाळंभटांनी ते स्वीकारले, सप्तशृंगीच्या सान्निध्यात साधना केली आणि अलीला चीत केले. गुलाबने न लढताच माघार घेतली. कथा येथेच संपती, तर त्यांचे नाव त्या एका कुस्तीपुरते उरले असते. पुढे १८१८ मध्ये राज्य गेले आणि आश्रयदाता धनी पेन्शन घेऊन ब्रह्मावर्ती राहू लागला. परंतु बाळंभटांपाशी राज्याबरोबर न बुडणारी एक विद्या होती, ती मल्लखांबाची. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात जिचा उल्लेख आहे, त्या विद्येचे त्यांनी पुनरुज्जीवन केले. एरंडेल चोळलेल्या त्या गुळगुळीत खांबावर पकड, तोल आणि चापल्य यांचा कस लागतो. प्रतिस्पर्ध्यावाचून मल्ल घडतो.

ही विद्या काशीतही रुजली. तेथील दुर्गाघाटाचा परिसर पेशवाईपासून महाराष्ट्रीयांचा. नारायण दीक्षित पाटणकरांसारख्यांनी तेथे वस्ती वाढविली. वेदाध्ययनाइतकीच अंगमेहनतीचीही तेथे प्रतिष्ठा होती. दुर्गाघाटची ‘मुक्की’, म्हणजे मुठींची लढत, बनारसभर प्रसिद्ध होती. अशा भूमीत आखाडा ही चैन नव्हती, तो संस्कार होता.

बाळंभटांची विद्या कोंडभटनाना गोडबोले यांच्यासारख्या शिष्यांनी पुढे नेली. १९६२ मध्ये ग्वाल्हेर येथे मल्लखांबाच्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. २०२२ चा अर्जुन पुरस्कार सागर ओव्हाळकर यांना मिळाला, तर २०२४ मध्ये प्रशिक्षक उदय देशपांडे पद्मश्रीचे मानकरी ठरले.

अलीवरील विजय दरबाराने एकदाच पाहिला. शिकविलेली पकड मात्र दोन शतके हातोहात चालत आली आहे. म्हणून आपण विजेत्याला पदक देऊन मोकळे होऊ नये. त्याचे गुडघे थकतील, तेव्हा आखाड्यात गुरूची जागा आणि पोटापुरते वेतन त्याच्यासाठी राखून ठेवणे, हेही आपलेच कर्तव्य आहे.