बंद कंपनीचा ट्रॅक्टर, चालू गिअरबॉक्स

चौकहून बोलतोय. इथे बोटी जास्त, पण आजचा विषय शेतातला : जुना एचएमटी झेटर २५११. एचएमटीचे ट्रॅक्टर बंद करायचं सरकारने २०१६ मध्ये ठरवलं. मग घरचा ट्रॅक्टर भंगारात घालायचा? थांबा.

गिअर ऑइल बदलताना ट्रॅक्टर थोडा चालवा, तेल गरम झालं की पटकन उतरतं. आधी तेल भरायचा बोल्ट सैल करून बघा, मगच खालचा काढा. वरचा गंजून अडकला आणि तेल गेलं, तर ट्रॅक्टर जागीच बसेल. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. बारीक भुकटी चालते, लोखंडाच्या कपच्या आल्या तर मेकॅनिकला दाखवा.

आता पार्ट. दुकानात नुसतं 'झेटरचं बेअरिंग' मागू नका, जुन्यावरचा नंबर वाचा. ६२०६ म्हणजे आतला व्यास ३०, बाहेरचा ६२, जाडी १६ मिलिमीटर. कुठल्याही कंपनीचं घ्या, माप तेच. ऑइल सीलवरही बहुतेक वेळा माप असतं.

गिअर मात्र त्याच मॉडेलचा लागतो, आणि तो शोधताना दमछाक होते. म्हणून तेल वेळेवर बदला. तुमच्याकडे कुठला जुना ट्रॅक्टर आहे, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!