कचरा कुणाचा, खत कुणाचं?

(तालुक्याच्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो,

मला भाषण करता येत नाही. गांडूळखत करता येतं, तेच सांगते.

आमच्या गटाला प्रशिक्षणात सांगितलं, "शेतातला टाकाऊ कचरा गांडुळांना घाला." घरी येऊन टाकाऊ शोधायला लागलो, तर काही सापडेना! तुराट्या-पऱ्हाट्या चुलीला लागतात. सोयाबीनचं कुटार, ज्वारीचा कडबा जनावरांना. साहेबांना जो कचरा दिसत होता, त्यावर आमचा संसार चालला होता. मग बायकांनीच बसून यादी केली. उसाचं पाचट शेतात जाळतात, ते घ्यायचं. खुरपणीचं तण, पण बी धरायच्या आत. बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला. गव्हाणीत उरलेलं चघाळ.

पाचट तसंच घालू नका. गांडुळाला दात नसतात, त्याला कुजलेलं लागतं. पाचटाचे बारीक तुकडे करा. त्यात नत्र कमी, म्हणून हिरवा पाला मिसळा, शेणकाला शिंपडा आणि पंधरा-वीस दिवस सावलीत कुजू द्या. मध्ये खालीवर करा. ढीग पुरता थंड झाल्यावरच गांडुळं सोडा. आम्ही घाई केली, पहिली सगळी मेली. ओल एवढी हवी, की मुठीत दाबलं तर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. औषध फवारलेला पाला, मिरची, लिंबाच्या साली नकोत. कोंबड्या आणि लाल मुंग्या सांभाळा. दीड-दोन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखं खत होतं. काढायच्या आधी चार-पाच दिवस पाणी बंद ठेवा, गांडुळं खाली जातात.

आता मुद्द्याचं. माझं पहिलं खत तयार झालं. दिरांनी पोती भरली, विकली. पैसे मी पाहिलेसुद्धा नाहीत. विचारलं तर म्हणाले, "शेत आमचं, पाचट आमचं." पाचट जळत होतं तोवर ते कुणाचंच नव्हतं! पाण्याच्या खेपा मी घातल्या, ढीग मी उपसला. पण सातबाऱ्यावर माझं नाव नाही, म्हणून खतही माझं नाही. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क मिळाला. तो मागायला माहेरी जायची हिंमत आमच्यात किती जणींना झाली? मलाही झाली नाही.

मग गटानं एकीच्या परसात सामाईक वाफे घातले. पाचटाच्या मोबदल्यात शेतमालकाला ठरलेली पोती द्यायची, हे आधीच लिहून घेतलं. कोणी किती खेपा पाणी घातलं, ते वहीत मांडलं. विक्रीचे पैसे गटाच्या खात्यात, आणि वाटणी वहीप्रमाणे. घरात कुरकुर झाली. अजून होते. पण पोती कुणी उचलत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, घरी गेल्यावर वाफा घालायच्या आधी एक वही घ्या.