घरचा चाकर आणि परक्याची किल्ली



आज आपल्या घरांतील मुक्या वस्तूंना वाचा फुटली आहे. दारावरचा कॅमेरा, विजेचें मीटर, शीतकपाट हीं सारीं आतां आंतरजालावरून दूरच्या मालकाशीं बोलूं लागलीं आहेत. ह्याची एक जुनी गोष्ट गमतीची आहे. केंब्रिज विद्यापीठांतील संगणकशास्त्रज्ञ जिने उतरून कॉफीसाठीं जात, तों भांडें रिकामें! म्हणून १९९१ सालीं त्यांनीं भांड्यासमोर कॅमेरा बसविला आणि कॉफी किती उरली तें आपापल्या मेजावरूनच पाहण्याची सोय केली.

ही सोय पुढें पुष्कळ वाढली. जमिनीची ओल मोजणारा संवेदक पाणी केव्हां द्यावें तें शेतकऱ्यास सांगतो; नळांतील दाब मोजणारा संवेदक गळतीचा सुगावा देतो. हा लाभ थोडा नव्हे.

परंतु दुसरी बाजूही ऐकावी. २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं, अमेरिकेंत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखीं संकेतस्थळें कित्येक तास नीट उघडेनात. संकेतस्थळांचे पत्ते सांगण्याचें काम करणाऱ्या ‘डाइन’ कंपनीवर निरर्थक मागण्यांचा लोंढा सोडण्यांत आला होता. तो सोडला कोणीं? लोकांच्या घरांतील कॅमेऱ्यांनीं आणि तत्सम यंत्रांनीं! ‘मिराई’ नांवाच्या दुष्ट आज्ञावलीपाशीं कारखान्यांत ठरविलेल्या साठएक परवलीच्या शब्दांची यादी होती. मालकांनीं ते शब्द बदललेच नव्हते; त्यामुळें दारें आपोआप उघडलीं. कॅमेरे मात्र नित्याप्रमाणें चालत राहिले, म्हणून मालकांना कांहींच कळलें नाहीं.

खरी अडचण येथेंच आहे. विकणाऱ्याचें नुकसान नाहीं, घेणाऱ्यास त्रास नाहीं. भुर्दंड पडतो तिसऱ्यालाच. अशा ठिकाणीं नुसता उपदेश पुरत नाहीं, कायदा लागतो. ब्रिटननें २९ एप्रिल २०२४ पासून सर्व यंत्रांना एकच सोपा परवलीचा शब्द देण्यास बंदी केली, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या किती काळ मिळतील हें सांगणें बंधनकारक केलें.

तोंवर गृहस्थानें व गृहिणीनें तीन गोष्टी कराव्या. यंत्र घरीं येतांच परवलीचा शब्द बदलावा. दुरुस्त्या किती वर्षें मिळतील हें दुकानदारास विचारावें. आणि ही वस्तु आंतरजालास जोडण्याची खरोखर गरज आहे काय, हें आधीं स्वतःस विचारावें. नवा चाकर ठेवतांना आपण त्याची चौकशी करतों. ह्या मुक्या चाकराचीही करावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.