ताबा लांबला तर काय करायचं?
पनवेलमध्ये आज विमानतळाच्या नावावर घरं विकली जातात. ताबा लांबला की एकाच पगारातून घरभाडंही जातं आणि कर्जाचा हप्ताही. बिल्डर म्हणतो, ‘थोडं थांबा.’ कायदा तसं म्हणत नाही. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ताब्याची तारीख चुकली तर कलम १८ प्रमाणे पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा घर कायम ठेवून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज. म्हणून ‘बिल्डर आपल्यातलाच आहे’ असं म्हणून कागद सोडू नका. करारातली तारीख वाचा, पावत्या जपा. आणि एकेकट्याने हेलपाटे घालण्यापेक्षा सगळ्या खरेदीदारांनी मिळून महारेराकडे जा.